खुराच्या वर टणक गाठ: रिंगबोन झालेल्या घोड्यासाठी काय करता येते

घोडा पाळणाऱ्यांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. 'खुराच्या थोडे वर, पुढच्या बाजूला हाडासारखी टणक गाठ आली आहे. घोडा लंगडतो. गाठ जिरवायचे औषध सांगा.' माथेरानचे अश्वपाल हे विचारतात, वरातीला घोडी देणारे विचारतात, रेसमधून बाहेर पडलेला घोडा घेऊन रायडिंग शिकवणारेही विचारतात. विचारेपर्यंत बहुतेकांनी बरेच काही करून पाहिलेले असते. कुणी मलमे चोळून थकलेले असते, कुणी डाग दिलेला असतो, तर कुणाला बाजारातल्या जाणकाराने 'हा घोडा आता गेला' असे सांगून टाकलेले असते.

वाढलेले हाड जिरवणारे औषध अजून निघालेले नाही. पण म्हणून घोडा संपला असेही नाही. पायातल्या कोणत्या सांध्याला झीज लागली आहे हे नक्की कळले, तर पुढचे बहुतेक निर्णय त्यावरून घेता येतात. गाठीकडे पाहून काही ठरवू नका. सांधा कोणता आणि दुखणे किती, हे आधी शोधा.

आजार नेमका कुठे असतो

घोड्याच्या पायाच्या खालच्या भागात मांस जवळजवळ नसते. हाडे, त्यांना बांधणारे स्नायुबंध आणि वर कातडी, एवढेच. सगळ्यात खाली तीन हाडे एकाखाली एक असतात: लांब पास्टर्न, आखूड पास्टर्न आणि खुराच्या आत पूर्ण बंद असलेले कॉफिन हाड. या तीन हाडांमध्ये दोन सांधे. वरचा पास्टर्न सांधा, खालचा कॉफिन सांधा. खालचा अर्धा खुरात दडलेला असल्याने हाताला नीट लागत नाही.

सांध्यातली गुळगुळीत कूर्चा झिजू लागली की आतून सूज येते, सांधा दुखतो आणि शरीर त्याच्या कडांना नवे हाड घालू लागते. हेच रिंगबोन. वरच्या सांध्यात झाले तर हाय रिंगबोन, खालच्या सांध्यात झाले तर लो रिंगबोन. तुमच्या डॉक्टरांकडून सगळ्यात आधी हे उत्तर घ्यायचे आहे, कारण दोन्हींचे भविष्य वेगळे असते.

पास्टर्न सांधा मुळातच फार थोडा हलतो. झीज वाढत वाढत तो पूर्ण आखडला आणि दोन हाडे एकमेकांना जुळून गेली, तर दुखणे थांबू शकते. असा घोडा पुन्हा कामाला लागलेला दिसतो. मागच्या पायात हे पुढच्या पायापेक्षा बरे जमते, कारण शरीराच्या वजनाचा साधारण साठ टक्के भाग पुढचे पाय उचलतात. कॉफिन सांध्याचे तसे नाही. तो प्रत्येक पावलाला, प्रत्येक वळणाला, प्रत्येक उंचसखल दगडावर हलतो. तो जुळून जाण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. तिथे उरलेला सांधा सांभाळणे आणि काम कमी करणे हाच मार्ग राहतो.

तिसरा प्रकारही लक्षात ठेवा. कधी काळी तारेने पाय कापला, लाथ बसली किंवा पिछाडीच्या दोराने घासून जखम झाली, तर हाडाच्या बाहेरच्या बाजूला गाठ वाढते आणि सांधा मात्र शाबूत असतो. अशी गाठ दिसायला मोठी असली तरी घोडा अगदी नीट चालतो. उलट काही घोड्यांत बाहेर काहीच दिसत नाही आणि आतला सांधा पार झिजलेला असतो.

कोणाला जास्त होतो

ज्यांचे पास्टर्न उभट आहे, ज्यांचे खूर आत किंवा बाहेर वळलेले आहेत, ज्यांच्या खुराची आतली आणि बाहेरची भिंत असमान राहते, त्यांच्या सांध्यावर रोज वाकडा भार पडतो. त्यात डांबरी रस्ता, दगडी उतार, वेगात घेतलेली वळणे, मागच्या पायांवर उभे करून नाचवणे यांची भर पडते. कोवळ्या वयात, हाडे पक्की होण्याआधी कामाला लावलेल्या घोड्यांनाही याचा धोका अधिक असतो.

पिछाडीच्या दोराबद्दल मला थोडे सविस्तर सांगायचे आहे. आगाडी-पिछाडी बांधायची आपली जुनी रीत आहे आणि पिछाडीचा दोर नेमका पास्टर्नवरच येतो. नायलॉनचा बारीक दोर असेल तर घोडा रात्री जरा ओढाताण करतो आणि कातडी सोलवटते. वर खपली, खाली पू, पुन्हा त्याच जागी दोर, असे महिनोन् महिने चालते. ही जखम खोल गेली की हाडाच्या आवरणाला सूज येते, आणि जखम सांध्यात उतरली तर काही दिवसांत सांध्याची कायमची नासाडी होते. बांधायचेच असेल तर रुंद, आतून मऊ अस्तर लावलेला पट्टा वापरा, रोज पाय पालटा आणि जखम दिसताच दोर सोडा. पास्टर्नजवळच्या कोणत्याही खोल जखमेला डॉक्टरांनी त्याच दिवशी पाहायला हवे. धनुर्वाताचे इंजेक्शनही तेव्हाच द्या.

प्रत्येक गाठ रिंगबोन नसते

- साइडबोन: खुराच्या वरच्या कडेला, टाचेच्या दोन्ही बाजूंना कूर्चा असते. निरोगी घोड्यात ती दाबली की लवते. वयाने ती हाडासारखी टणक होते. याने घोडा क्वचितच लंगडतो.
- फेटलॉकच्या (लांब पास्टर्नच्या वरच्या सांध्याच्या) मागचा मऊ फुगवटा: बोटाने दाबला की दबतो. तो द्रवाचा असतो, हाडाचा नाही.
- खुरातला पू: काल नीट असलेला घोडा आज पाय टेकतच नाही, खूर गरम लागतो. रिंगबोन असा एका रात्रीत येत नाही. हे हाड मोडल्याचेही लक्षण असू शकते, म्हणून घोडा चालवू नका, डॉक्टरांना बोलवा.
- लॅमिनायटिस: दोन्ही पुढचे पाय पुढे ताणून घोडा मागे रेलून उभा राहतो, वळायला तयार नसतो. इथे थांबायला वेळ नसतो. त्याच दिवशी उपचार लागतात.

घरी तपासणी कशी कराल

रोज खरारा करता, त्याच वेळी दोन मिनिटे पायांना द्या.

१. खुराच्या वर जिथे केस सुरू होतात, त्या कडेवर अंगठा ठेवा आणि दोन बोटे वर सरकवत जा. पास्टर्नच्या पुढून आणि दोन्ही बाजूंनी हात फिरवा. मग लगेच दुसऱ्या पायाला तसेच करा. एकाच पायाला हात लावून काही कळत नाही. फरक दोन्हींच्या तुलनेत कळतो. टणकपणा कुठे आहे, कढत लागते का, दाबल्यावर घोडा पाय ओढून घेतो का, हे बघा.

२. सपाट, कडक जमिनीवर दोर सैल सोडून घोडा सरळ चालवा, मग दुडकीवर आणा. पुढचा दुखरा पाय जमिनीवर पडतो तेव्हा डोके वर झटकते आणि बरा पाय पडतो तेव्हा खाली येते. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो. लगाम आखडून धरला तर यातले काहीच दिसणार नाही.

३. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर डोके हलतच नाही. तेव्हा पाऊल आखूड पडते, घोडा ठेचकाळतो, उतारावर कचरतो. बरेच मालक याला 'आळशी झालाय' म्हणतात आणि चाबूक वापरतात. कृपया आधी पाय तपासा.

४. घोड्याला छोट्या गोलात दोन्ही बाजूंनी सावकाश वळवा. कॉफिन सांध्याचे दुखणे वळणात जास्त उघडे पडते.

५. फोनवर बाजूने आणि समोरून व्हिडिओ काढा. दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी, कामाला नेण्याआधी काढा. डॉक्टरांना आणि नालबंदाला हे चित्रण तोंडी वर्णनापेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

डॉक्टरांकडून काय करून घ्यायचे

नुसते पाहून आणि दाबून निदान पक्के होत नाही. डॉक्टर पाय दुमडून साधारण मिनिटभर धरतात आणि सोडताच घोडा दुडकीवर चालवतात. लंगडणे वाढले तर त्या भागात दुखते आहे असा अंदाज येतो. खरा उलगडा दोन गोष्टींनी होतो. पहिली, नसेजवळ भुलीचे इंजेक्शन देऊन पायाचा एकेक टप्पा बधिर करत जाणे. कोणत्या टप्प्यावर लंगडणे थांबले यावरून दुखणाऱ्या जागेपर्यंत पोचता येते. दुसरी, एक्स-रे. तो पाय जमिनीवर टेकलेला असताना, समोरून, बाजूने आणि तिरका, असा अनेक कोनांतून काढावा लागतो. दुसऱ्या पायाचाही काढला तर तुलना होते.

एक्स-रेवर खूप हाड दिसले म्हणजे दुखणे तेवढेच जास्त, असे नसते. म्हणून फक्त एक्स-रे पाहून कुणी घोडा बाद ठरवला, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्या. खेडोपाडी सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. पुढच्या तपासणीसाठी परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथली सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. निघण्याआधी फोन करून घोड्याच्या पायाचा एक्स-रे त्या दिवशी होईल का ते विचारून घ्या, म्हणजे ट्रकचे भाडे वाया जाणार नाही.

तपासणी झाली की हे चार प्रश्न विचारा:

- सांधा वरचा की खालचा? की गाठ सांध्याबाहेर आहे?
- दुसऱ्या पायातही सुरुवात झाली आहे का?
- माझ्या घोड्याचे आजचे काम चालू ठेवता येईल का? किती?
- नालबंदाला नेमके काय सांगू?

एक्स-रेची प्रत आणि दिलेल्या औषधांची नावे लिहून मागा. तुम्ही पैसे दिले आहेत. हे मागण्यात संकोच कसला?

सगळ्यात आधी खूर

इतर कशाहीपेक्षा नालबंदाच्या कामावर केलेला खर्च या आजारात लवकर फळतो, असे माझे ठाम मत आहे. याचे कारण सरळ आहे. पाऊल उचलताना आधी टाच उठते आणि खूर पुढच्या टोकावरून कलंडतो. टोक जितके लांब, तितका कलंडायला जोर जास्त, आणि तो सगळा ताण या दोन सांध्यांवर येतो. खूर महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर वाढतो. 'नाल अजून झिजलेली नाही' म्हणून दोन-अडीच महिने तशीच ठेवली तर टोक दोन सेंटिमीटर पुढे गेलेले असते. नाल शाबूत असली तरी खूर वाढलेला असतो, आणि सांधा त्याची किंमत प्रत्येक पावलाला मोजतो. म्हणून नाल झिजण्याची वाट पाहू नका. दर चार ते सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर छाटून, पुन्हा बसवा.

खूर बरोबर आहे का, हे तुम्हालाही पाहता येते. घोडा सपाट जागी चौरस उभा करा. बाजूने बसून पास्टर्नच्या पुढच्या रेषेवर एक सरळ काठी धरा आणि ती खुराच्या पुढच्या भिंतीवर येऊ द्या. रेघ सरळ जुळली पाहिजे. खुराशी येऊन ती मागे मोडत असेल तर टोक लांब आणि टाच खाली गेलेली आहे. मग घोडा धुळीच्या रस्त्यावरून तुमच्याकडे सरळ चालवत आणा आणि खाली वाकून पाहा. खूर सपाट पडतो की आधी एक बाजू टेकते आणि मग दुसरी? एक बाजू आधी टेकत असेल तर सांधा दर पावलाला मुरगळतो आहे.

नालबंदाला सांगायचे ते असे:

- टोक मागे घ्या आणि नालेचे पुढचे टोक गोलसर उताराचे करा, म्हणजे खूर सहज कलंडेल.
- नाल टाचेपर्यंत पूर्ण पोचू द्या. आखूड नालेने टाचेला आधार मिळत नाही.
- सगळा बदल एका बैठकीत नको. दोन-तीन वेळा नाल बदलताना थोडा थोडा करा.
- वयात आलेल्या घोड्याचा आत वळलेला पाय छाटणी करून 'सरळ' करू नका. हाडे पक्की झालेली असतात. खूर जबरदस्तीने फिरवला तर भार सांध्याच्या एकाच कडेवर जातो.
- पकड मिळावी म्हणून नालेखाली उंच टोके ठोकू नका. त्यांनी खूर जमिनीवर जरासा सरकत थांबण्याऐवजी जागीच अडकतो आणि धक्का वर जातो. डांबरावर काम असेल तर नालेखाली रबरी पॅडचा विचार करा.

आपले बरेच नालबंद वडिलांकडून शिकलेले, हातात कसब असलेले कारागीर आहेत. त्यांना एक्स-रे दाखवा. खुराच्या भिंतीआड ते हाड कसे बसले आहे हे डोळ्यांनी दिसले की कानस कुठे आणि किती चालवायची, हे ते स्वतःच ठरवतात.

काम आणि जमीन

पूर्ण विश्रांती हवी ती तीव्र दुखण्याच्या दिवसांत. ताजी सूज असेल तर दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटे पायावर गार पाण्याची धार सोडा. दुखणे ओसरल्यावर मात्र घोडा दिवसभर एका जागी बांधून ठेवला तर सांधा अधिक आखडतो. मोकळ्या जागेत सावकाश फिरू द्या. कामाला नेण्याआधी दहा-पंधरा मिनिटे हातात धरून चालवा.

जमीन निवडताना कडक दगड आणि खोल वाळू, दोन्ही टाळा. कडक जमीन धक्का देते, खोल वाळू सांधा पिळते. किंचित लवणारी सपाट माती उत्तम. लांब दोरावर छोट्या गोलात फिरवणे बंद करा. नाचकाम, उडी, चौखूर पळवणे आणि अचानक थांबवणे या घोड्यासाठी संपले असे समजा.

माथेरानसारख्या ठिकाणी जमीन निवडायला पर्यायच नसतो. दस्तुरी नाक्यावरून आत जायचे तर जांभ्याचा चढउतार आहे, काही भागात पेव्हर ब्लॉक आहेत आणि पावसात दोन्ही निसरडे होतात. तिथे जे हातात आहे ते करा. रिंगबोन झालेल्या घोड्याला उताराच्या लांब फेऱ्यांऐवजी सपाट पट्ट्यातल्या छोट्या फेऱ्या द्या, उतारावर स्वाराला खाली उतरवा, आणि सामानाची ने-आण त्याच्याकडून काढून घ्या. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त भार नसावा, असा जगभर रूढ ठोकताळा आहे. २८० किलोच्या तट्टाला तो ५६ किलो होतो. तोही निरोगी तट्टाचा. दुखऱ्या घोड्याला त्याहून कमी. अंगाने भारी पर्यटकाला नम्रपणे नाही म्हणणे एका फेरीचे पैसे घालवते, पण घोड्याचे वर्ष वाचवते.

वजन आणि चंदी

काम कमी झाले की चंदीही कमी करा. इथे माया आड येते. दुखणाऱ्या घोड्याला मूठभर चणे आणि गूळ जास्त घातला जातो. अंगावर चढलेला प्रत्येक किलो त्याच सांध्यावर येतो, आणि दाणा जास्त झाला तर लॅमिनायटिसचा धोका वेगळा. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवला की सहज लागाव्यात. पोट चाऱ्याने भरा, दाण्याने नाही. सांध्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या पुड्यांचा घोड्यांत ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. पैसे मोजकेच असतील तर ते नालबंदाला द्या.

दुखण्याची औषधे: काय धोके, काय मनाई

फेनिलब्युटाझोन, म्हणजे तबेल्यात ज्याला 'ब्यूट' म्हणतात ते, आणि मेलॉक्सिकॅम, फ्लुनिक्सिन ही औषधे दुखणे व सूज कमी करतात. ती सांधा बरा करत नाहीत. मात्रा डॉक्टरच ठरवतील. तुमच्याकडून एवढे हवे:

- दोन वेदनाशामके एकत्र देऊ नका. पोटात आणि आतड्यात अल्सर होतात, मूत्रपिंडे बिघडतात.
- घोडा पाणी कमी पीत असेल, हगवण असेल, उन्हाने थकला असेल, तर ही औषधे द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा.
- ब्यूटचे इंजेक्शन मांसात कधीही देऊ नका. ते फक्त शिरेत जाते आणि शिरेबाहेर सांडले तर तिथले मांस सडते. हे काम डॉक्टरांचे आहे.
- औषध देऊन, दुखणे झाकून, त्याच दिवशी कामाला नेऊ नका. वेदना हाच घोड्याचा एकमेव बचाव आहे. तो काढून घेतला की उरलेला सांधाही जातो.

मेडिकलच्या दुकानातून 'माणसाचे चालते' म्हणून डायक्लोफेनॅक आणू नका. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण हे औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. देशातली गिधाडे नामशेष होण्याच्या काठावर आली ती यामुळे. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवर आणि त्यानंतर निमेसुलाइडवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. रायगड, नाशिक, गडचिरोली या जिल्ह्यांत गिधाडे अजून तग धरून आहेत, तेव्हा ही गोष्ट आपल्या दारातलीच आहे.

सांध्यातले इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया

सांध्यात स्टेरॉइड, कधी हायल्युरॉनिक अ‍ॅसिडसह, दिल्याने काही आठवडे ते काही महिने आराम मिळू शकतो. त्या जागेचे केस काढून, ती निर्जंतुक करून, हातमोजे घालूनच हे व्हायला हवे. सांध्यात जंतू गेले तर घोडा गमावण्याची वेळ येते. इंजेक्शननंतर काही दिवस विश्रांती द्या. लंगडणे अचानक वाढले तर वाट न पाहता फोन करा. लॅमिनायटिस होऊन गेलेल्या घोड्याबद्दल डॉक्टरांना आधीच सांगा.

वरचा सांधा प्लेट आणि स्क्रू लावून कायमचा जोडता येतो. मागच्या पायात याचे यश चांगले आहे. पण त्यासाठी मोठ्या जनावरांना भूल देण्याची सोय, नंतर काही आठवडे प्लास्टर, आणि कामावर परतायला सहा महिने ते वर्ष लागते. खर्च मोठा आहे. तरुण, स्वभावाने शांत आणि एकच सांधा बिघडलेला घोडा असेल तरच याचा विचार करा.

डाग देऊ नका

तापलेल्या सळईने डाग देणे, बिब्बा किंवा जळजळीत मलम लावून कातडी फोडणे, गाठ सुरीने छाटणे, गाठीवर काठीने ठोकून ती 'बसवणे' यातल्या कशानेही झिजलेली कूर्चा परत येत नाही. डाग दिल्यावर काही घोडे बरे चालताना दिसतात, कारण जखम भरेपर्यंत मालक त्यांना कामाला नेत नाहीत. ती विश्रांती डागाशिवायही देता येते.

कायदा काय सांगतो

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा स्पष्ट आहे. वय, आजार, जखम किंवा अपंगत्वामुळे कामाला अयोग्य असलेल्या जनावराकडून काम करून घेणे हा कलम ११ खाली गुन्हा आहे. लंगडा घोडा वरातीला किंवा फेरीला नेला तर तक्रार होऊ शकते, आणि ती योग्यच असेल. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. पाठीवर ओझे वाहणाऱ्या तट्टासाठी कमाल ७० किलो, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन काम नाही. कुणी ठेकेदार किंवा वरात ठरवणारा दडपण आणत असेल, तर डॉक्टरांचा लेखी सल्ला आणि हे नियम पुढे करा.

विकत घेताना आणि विकताना

सारंगखेड्याच्या यात्रेत, अकलूजच्या किंवा माळेगावच्या बाजारात घोडा बघताना रंग, भोवरे, कान, रेवाल चाल यांवर तासभर चर्चा होते आणि पायांना मिनिटही मिळत नाही. तुम्ही उलटे करा. आधी चारही पास्टर्न हाताने तपासा. रेवालीत लंगडणे झाकले जाते, म्हणून घोडा कडक जमिनीवर दुडकीत चालवायला लावा, छोट्या गोलात वळवायला लावा. शक्य असेल तर आदल्या दिवशी न सांगता, सकाळी बांधलेल्या जागेवरून निघताना पाहा. पावतीवर घोड्याचे वर्णन, तारीख आणि 'लंगडत नाही, वेदनाशामक दिलेले नाही' एवढे तरी लिहून घ्या. मोठी किंमत असेल तर एक्स-रेची अट घाला आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याचा कागद मागा.

विकणारे तुम्ही असाल तर आजार सांगून विका. न सांगता विकलेला घोडा दुसऱ्याच दिवशी पूर्ण ओझ्याखाली जातो. हलक्या मुलांच्या रायडिंगला किंवा पैदाशीला तो देता येईल का, हे आधी बघा. पण आजार उभट किंवा वाकड्या पायांच्या ठेवणीतून आला असेल तर अशा घोड्यापासून पैदास करू नका; शिंगराच्या पायात तीच ठेवण येईल.

थांबायचे कधी

व्यवस्थित नाल, हलके काम आणि औषधे असूनही घोडा चाऱ्यापाशी जायला कचरत असेल, दिवसातला बराच वेळ आडवा पडत असेल, उठताना धडपडत असेल, अंग उतरत असेल, दुसऱ्या पायावर सारखा भार टाकून तोही बिघडत असेल, तर डॉक्टरांशी दयामरणाबद्दल उघडपणे बोला. हा निर्णय नोंदणीकृत पशुवैद्यकाकडूनच अमलात आणायचा. घोडा आधी पूर्ण बेशुद्ध झाल्याची खात्री करायला सांगा. माझा आग्रह एवढाच की तो त्याच्या सवयीच्या जागी, ओळखीच्या मोतद्दाराच्या हाती असावा. ट्रकमध्ये घालून लांब नेलेला नसावा.

त्यानंतरचे कामही आधीच ठरवून ठेवा. बेशुद्धीच्या औषधांचा अंश शरीरात राहतो आणि ते मांस खाणारी कुत्री व गिधाडे त्याने मरतात, म्हणून मृतदेह उघड्यावर टाकू नका. विहीर, ओढा आणि पिण्याच्या पाण्यापासून दूर जेसीबीने खोल खड्डा घ्या, चुना घालून पुरा आणि ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला कळवा.